पानांकडे

अंतिचकला आता दारावर एकच प्रश्न विचारतात:
तिकीट काढलं का?
विचारणारा फुलेसर मंडल,
प्लॅस्टिकच्या खुर्चीचा तुटका पाय विटेवर टेकवून.
वीट कोणत्या शतकातली, त्याला पाठ आहे.
खुर्ची डुगडुगते, त्याला इलाज नाही.

पूर्वी इथे विक्रमशिलेच्या दारादारांत पंडित बसत.
वादात टिकेल तो आत,
न टिकेल त्याला गंगेकडची पायवाट.
महिना महिना चालत आलेली माणसं
एका वाक्यात परत फिरली आहेत.

वीहुक चंपेकडून आला, सोळाचा असेल.
कोळ्याचं पोर. अंगाला मासळीचा वास,
चारशे श्लोक ओठांशी रांग लावून उभे.
उत्तरेच्या दारातल्या म्हाताऱ्या आचार्यांनी
त्यातला एकही मागितला नाही.
म्हणाले, तू आलास तेव्हा
दार उघडं होतं की मिटलेलं?

पाहिलं नाही, भंते.
मागून एक म्हैस येत होती, गाभण.
तिला वाट देत होतो.

आचार्य हसले की खोकले, कळलं नाही.
हात हलवून म्हणाले,
याला पानांकडे पाठवा.

पानांकडे म्हणजे मागच्या पडवीत,
जिथे ताडाची पानं कढईत रटरटत,
सावलीत सुकत, शंखाने घोटली जात,
आणि मग तापल्या सळईने एक भोक,
दोर ओवायला.
अर्धा जव इकडे सरकलं
तर पोथी जन्मभर तिरकी उघडते.

चाळीस वर्षं वीहुकने भोकं पाडली.
लिहिणारे वेगळे. वाचणारे त्याहून वेगळे.
आत शून्यतेवर कडाक्याचे वाद झडत,
आवाज पडवीपर्यंत येई, शब्द येत नसत.
शून्य खरं तुलाच कळलं रे, अशी
दरवर्षी कोणी नवा विद्यार्थी थट्टा करी.
तो हसे. दरवर्षी तेवढंच.

रात्री मात्र कधी उठून बसे:
त्या दिवशी मला घेतलं, की घालवलं?
विचारावं तर आचार्य राहिले नव्हते.
अंधारात सोंस, गंगेतला तो आंधळा डॉल्फिन,
पाण्यावर येऊन श्वास सोडी,
जिना चढून आलेल्या माणसासारखा.

शेवटाबद्दल फुलेसर फार बोलत नाही.
सहलीची मुलं विचारतात, किती दिवस जळत होतं?
तो म्हणतो, माझी ड्यूटी नव्हती.

पण त्या आठवड्यात केव्हातरी
योन्तेन नावाच्या एका भोट भिक्षूने,
ज्याचा एक कान हिमाने खाल्ला होता,
नऊ पोथ्या सातूच्या पोत्यात घातल्या.
वीहुकने दोर आवळला, गाठ दातांनी ओढली,
आणि पोतं पाठीवर चढवून दिलं.
उत्तरेचं दार तेव्हा उघडं होतं की मिटलेलं,
त्याने याही वेळी पाहिलं नाही.
ओझ्याचा तोल बघत होता.

वर कुठे, जिथे शाई गोठते,
तिथे त्या पोथ्या सरळ उघडतात.
भोक कोणी पाडलं, हे लिहायला
पानात जागा सोडत नाहीत.

इथे कहलगावच्या वीजघराची राख येते.
स्तूपावर, आंब्याच्या मोहरावर, फुलेसरच्या डब्यावर.
पाहुणे ती बोटावर घेतात, गप्प होतात,
एकदा तर एका बाईंनी कपाळाला लावली.
ती कोळशाची आहे, हे तो सांगतो,
पण सुटे पैसे देऊन झाल्यावर.

चारच्या सुमाराला गमछाने खुर्ची झटकतो.
उत्तरेच्या बाजूला चौथऱ्याच्या विटा तेवढ्या उरल्यात,
तिथून बिजली देवीच्या शेळ्या आत येतात,
एक गाभण, सगळ्यांत मागे.
तो पाय आखडून घेतो.